तांत्रिक रस भरपूर

त्या घरात वस्तू आधी उघडत आणि मग वापरत. नवा मिक्सर आला की खोकं एकीकडे, वॉरंटीचं कार्ड दुसरीकडे आणि मिक्सर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर उताणा. इस्त्री, टोस्टर, टेबलफॅन, दाराची घंटा, सगळे या टेबलावरून जाऊन आले होते. परत जोडताना प्रत्येकातून एखाददुसरा स्क्रू उरायचाच. तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडायचा. डबा अर्ध्याच्या वर भरला होता आणि तरीही वस्तू सुरू होत्या, याचा त्या घराला कोण अभिमान.

अभिमान बाळगणारी माणसं तीन. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या होत्या, म्हणजे नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, सुपरवायझरपणातून नव्हे. सासऱ्यांचं घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान होतं. दुकान बंद झालं तरी डोळ्याला लावायचं भिंग त्यांनी गळ्यातल्या दोरीत ठेवलेलं होतं. आणि मुलगा लिफ्ट मेकॅनिक. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी दाराबाहेरून बोलून बोलून त्याचा आवाज कायमचा धीराचा झाला होता. "घाबरू नका, अगदी थोडा वेळ," हे वाक्य तो घरातही इतक्यांदा म्हणे की ते ऐकलं की घाबरायचं, एवढं त्याच्या बायकोला कळून चुकलं होतं.

या तिघांत सून एकटीच अशी, की तिला वस्तू नुसत्या वापरायच्या असत. ती कपड्यांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायचं, लांब झालेली पँट खालून दुमडायची, टाचण्या लावायच्या, उठायचं, पुढच्या गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायचं. संध्याकाळी घरी आली की मात्र ती कॉम्प्युटरवर कपड्यांचे पॅटर्न काढायची. लग्न होऊन आली त्याच दिवशी तिनं आपलं शिलाई मशीन खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं, त्यावर कव्हर घातलं आणि तिघांना सांगितलं, "याला कुणी हात लावायचा नाही." तिघांनी ते पाळलं. पण त्या कोपऱ्यावरून जाताना तिघांचीही पावलं जरा रेंगाळत, हे तिनं पाहून ठेवलं होतं.

तर त्या रविवारी सकाळी सून दिवाणखान्यातल्या कॉम्प्युटरपुढे बसली होती. युनिफॉर्मच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला पहिल्यांदाच काम दिलं होतं: नर्सच्या कोटाचे पॅटर्न, सगळ्या साइझमध्ये. "बुधवारी दुपारी मी कापायला घेणार," बाई म्हणाल्या होत्या. "जमलं तर पुढचं सगळं काम तुमचं. नाही जमलं तर माझा जुना माणूस आहेच." सुनेनं दुकानातून बुधवारपर्यंत सुट्टी घेतली होती. सगळं झालं होतं, फक्त बाह्या राहिल्या होत्या. तेवढ्यात स्क्रीनवर एक पाटी आली.

पाटीत एवढंच होतं, की ही सिस्टिम जुनी झाली, वर्षअखेरीनंतर तिला दुरुस्त्या मिळणार नाहीत, आणि नवी सिस्टिम या कॉम्प्युटरला पेलणार नाही. खाली 'नंतर आठवण करून द्या' असं बटण होतं. शहाण्या माणसानं ते दाबलं असतं आणि बाह्या काढल्या असत्या. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. सुनेनं ती पाटी मोठ्यानं वाचली.

सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. नवरा अंघोळीला निघाला होता तो टॉवेल खांद्यावर टाकून परत फिरला. सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"काय पेलणार नाही म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"वर्षअखेरीला आहे, आई. अजून खूप वेळ आहे."

"दुखणं कळल्यावर वर्षअखेरीची वाट बघत नाहीत," सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.

सुनेनं घाईघाईनं ते बटण दाबलं. पाटी गेली, पण उपयोग नव्हता.

सासूबाईंनी मोबाइलवर एक लेख शोधून काढला. 'तुमच्या तांत्रिक रसानुसार पर्यायी सिस्टिम निवडा' असं त्याचं नाव होतं. एक्स्चेंजमध्ये लाइन खराब असताना बोलायच्या त्या आवाजात त्या वाचू लागल्या. लेखात माणसांचे तीन गट होते. पहिला, ज्यांना तांत्रिक गोष्टींत रस नाही, नुसतं काम करायचं आहे. दुसरा, ज्यांना थोडा रस आहे. तिसरा, ज्यांना भरपूर रस आहे आणि वेळही आहे.

"वेळ आहे," सासरे म्हणाले. "मला तर आता तेवढाच आहे."

"मी तिसऱ्यात," नवरा म्हणाला.

"तिसऱ्याच्या वर काही नाही का?" सासूबाईंनी बोटानं लेख खाली सरकवला. "आहे. ज्यांना सगळं स्वतःच्या हातानं बांधायचंय त्यांच्यासाठी. हं, हे आपलं." मग त्यांना एकदम न्यायाची आठवण झाली. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुझा रस किती?"

"माझ्या बाह्या राहिल्यात, आई."

"ते नाही विचारलं. रस किती?"

"कमी. नाहीच म्हणा ना."

जणू माहेरचं एखादं खानदानी दुखणं तिनं आज पहिल्यांदा बोलून दाखवलं होतं. सासऱ्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

"असं चार माणसांत बोलू नये," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"निदान बुधवारपर्यंत थांबा. मला पाठवू दे, मग काय हवं ते करा."

"घाबरू नको," नवरा म्हणाला. "अगदी थोडा वेळ. आणि तुझ्या फायलींची मी आधी कॉपी काढून ठेवतो. आता झालं समाधान?"

त्यानं खरोखरच कॉपी काढली. अगदी मनापासून काढली. एक नवा कप्पा केला, त्याला 'सुरक्षित' असं नाव दिलं, सगळ्या फायली त्यात घातल्या आणि तो कप्पा त्याच कॉम्प्युटरच्या त्याच डिस्कवर दुसऱ्या टोकाला ठेवला. घराला रंग द्यायचा म्हणून सामान या खोलीतून त्या खोलीत हलवावं आणि मग अख्खं घरच पाडायला घ्यावं, तसा तो प्रकार होता. पण हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तिघांचेही हात शिवशिवत होते.

आता एक सिस्टिम निवडून घातली असती तर गोष्ट इथंच संपली असती. पण तीन तिगाडा काम बिगाडा म्हणतात ते उगाच नाही. सासऱ्यांना छोटीशी सिस्टिम हवी होती, एवढीशी, घड्याळासारखी, जिच्यातलं एकेक चाक दिसतं. सासूबाईंना जोडण्यांची हवी होती; घरातले सगळे फोन, कॉम्प्युटर, जमलं तर शेजाऱ्यांचेसुद्धा, एका जागेवरून सांभाळता येतील अशी. नवऱ्याला पक्की हवी होती. "बंद पडली तरी चालेल, पण खाली कोसळता कामा नये," तो म्हणाला. प्रत्येकाचा रस भरपूर, आणि प्रत्येकाचा निराळा. दुपार झाली तरी एकमत होईना.

मग सासऱ्यांनी तोडगा काढला. "डिस्कची वाटणी करू. ज्याचं त्याला."

भाऊ-भाऊ वेगळे निघताना होते तशी ती वाटणी झाली. कागदावर चौकोन आखला, त्यात रेघा ओढल्या. सासूबाईंना मधला तुकडा मिळाला, कारण जोडण्या मधूनच होतात. सासऱ्यांनी कडेचा छोटा घेतला आणि मोठेपणा मिळवला. नवऱ्यानं दुसरी कड घेतली.

"आणि मी?" सुनेनं विचारलं.

तिघांनी कागदाकडे पाहिलं. जागा उरली नव्हती.

"तुला कशाला वेगळी वाटणी?" सासूबाई मायेनं म्हणाल्या. "तू आमच्यातल्या कुणाकडेही राहा."

रविवार गेला, सोमवारही गेला. लिफ्टच्या कंपनीला नवऱ्यानं 'घरी गंभीर आहे' असं कळवून रजा घेतली, आणि ते खोटं नव्हतं. सोमवारी संध्याकाळी तीन सिस्टिमी तीन वाटण्यांत नांदू लागल्या. कॉम्प्युटर लावला की तिघांची नावं एकाखाली एक दिसायची. कुणी काही निवडलं नाही, तर थोडा वेळ वाट पाहून तो पहिल्या नावाची सिस्टिम आपणहून लावायचा. आणि इथंच खरी ठिणगी पडली, कारण पहिलं नाव कुणाचं?

"एक्स्चेंजमध्ये पहिली लाइन सुपरवायझरची असते," सासूबाई म्हणाल्या.

"वयानं मी मोठा," सासरे म्हणाले.

"घातल्यात कुणी पण?" मुलानं विचारलं. त्याचा धीराचा आवाज पहिल्यांदाच जरासा हलला.

शेवटी काय ठरलं, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण जे ठरलं ते कुणीच पाळलं नाही. सासूबाई पाणी प्यायला म्हणून उठल्या आणि आपलं नाव वर घालून आल्या. सासरे खिडकी लावायला म्हणून गेले. मुलगा तर काहीच न सांगता गेला. प्रत्येकानं दुसऱ्याचं केलेलं पुसून आपलं लिहिलं, आणि आपण हे किती सफाईनं केलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर लावला तर स्क्रीन काळाकुट्ट. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ होती. तिचा अर्थ असा, की सुरू करण्यासारखं इथं काही सापडलं नाही.

"घाबरू नको," नवरा म्हणाला.

"माझ्या फायली?"

"सुरक्षित आहेत."

"कुठं?"

"'सुरक्षित'मध्ये." मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकत गेलं. त्यानं वाटणीचा कागद उचलला, उलटा धरला, सुलटा धरला. "ते... आईच्या वाटणीत गेलं वाटतं."

"माझ्या वाटणीत नव्हतं काही," सासूबाई म्हणाल्या. "मी घेताना पुसून, स्वच्छ करून घेतली."

सुनेला रडू आलं. पण रडायला बसावं तर तेवढ्या वेळात सासऱ्यांनी स्क्रू ड्रायव्हर आणला असता, आणि त्यांनी तो आणलाच. "आता आतूनच बघायला पाहिजे," असं म्हणत ते कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढू लागले. सिस्टिमच्या भानगडीत दोन दिवस त्यांना स्क्रू दिसला नव्हता. ते आता कुठं माणसात आले.

सून खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. अख्ख्या घरात न उघडली जाणारी एकच जागा होती, ती म्हणजे तिच्या शिलाई मशीनचा खण. दर शनिवारी ती आपलं काम एका पेन ड्राइव्हवर उतरवून त्या खणात बॉबिनांच्या शेजारी ठेवत असे. नवऱ्यावर तिचा विश्वास होता, पण टोस्टरसुद्धा तिच्या लक्षात होता. पेन ड्राइव्ह जागेवर होता. म्हणजे बाह्या सोडून सगळं होतं. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. बाह्या काढायला कॉम्प्युटर लागणार होता, आणि तो बाहेर पोट उघडून पडला होता.

ती तडक कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदार कुणाचा तरी कीबोर्ड ब्रशनं झाडत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं न हसता ऐकून घेतलं, त्यावरून धंद्यात मुरलेला दिसत होता.

"तुम्हाला कुठली सिस्टिम देऊ?" त्यानं विचारलं. "तांत्रिक रस कितपत आहे?"

"मला अजिबात नाही. घरात भरपूर आहे, त्याचंच हे झालंय."

"पॅटर्न कशात काढता?"

तिनं प्रोग्रामचं नाव सांगितलं. तो फुकटचा होता आणि सगळीकडे चालायचा.

"मग काळजी नाही." त्यानं खणातून एक पेन ड्राइव्ह काढून दिला. "ही सगळ्यात सोपी. लावा आणि विचारेल त्याला हो म्हणत जा. अर्ध्या तासात कामाला लागाल. फक्त मध्ये कुणी हात घालायला नको."

शेवटचं वाक्य तो सहज बोलला, पण घरापर्यंत तेच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

घरी तिन्ही डोकी कॉम्प्युटरच्या डब्यात एकत्र आली होती. सासऱ्यांच्या डोळ्याला भिंग होतं, सासूबाई टॉर्च धरून सूचना देत होत्या आणि नवरा एक वायर हातात घेऊन ती कुठून आली असावी याचा विचार करत होता.

"मला अर्धा तास द्या," सून म्हणाली. "मी एक सोपी सिस्टिम आणलीय."

"सोपी?" सासूबाईंनी टॉर्च तिच्या तोंडावर मारला. "अगं, आता तर कुठं हातात आलंय."

"आई, उद्या दुपारी द्यायचंय."

"घाबरू नको, अगदी थोडा..."

तिनं त्याला पुरं होऊ दिलं नाही. या माणसांना हलवायचं तर दुसरं काहीतरी समोर टाकायला हवं होतं, आणि त्या घरात न उघडलेली वस्तू एकच शिल्लक होती. ती द्यायचं तिच्या जिवावर आलं. पण काम हवं होतं.

"आई," ती म्हणाली, "माझं शिलाई मशीन जरा आवाज करतंय."

स्क्रू ड्रायव्हर डब्यात पडला.

"कसला आवाज?" सासऱ्यांनी भिंग कपाळावर सरकवलं.

"खटखट असा."

"म्हणजे उघडावं लागेल," नवरा खालच्या, जपून वापरलेल्या आवाजात म्हणाला.

"उघडा," सून म्हणाली.

पुढच्या मिनिटाला दिवाणखान्यात कुणी नव्हतं. मशीन गॅलरीत गेलं, वर्तमानपत्र पसरलं गेलं. इतकी वर्षं नुसतं लांबून पाहिलेल्या त्या मशीनचं कव्हर सासूबाईंनी दोन्ही हातांनी उचललं आणि कुणीतरी समाधानाचा सुस्कारा सोडला. कुणी ते कळलं नाही, कारण तिघांनाही सोडायचा होता.

सुनेनं वायर जिथली वाटली तिथं बसवली, डब्याचं झाकण नुसतं टेकवलं, पडू नये म्हणून त्याला टाचण्यांची उशी लावली आणि पेन ड्राइव्ह खुपसला. सिस्टिम विचारत गेली, ती हो म्हणत गेली. मग प्रश्न आला, डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचं का. त्या प्रश्नाला तिनं जे हो म्हटलं ते लग्नातल्या होकारापेक्षा खणखणीत होतं. तिन्ही वाटण्या एका दमात गेल्या. अर्ध्या तासाच्या आत स्वच्छ निळा पडदा समोर आला, प्रोग्राम बसला, शनिवारच्या फायली उघडल्या आणि ती बाह्यांना लागली. बाही खांद्याला जोडली जाते तो मुंढा तर हवा तसाच बसला. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला सगळे पॅटर्न मालकीणबाईंकडे गेले. ती त्या रात्री गाढ झोपली.

बुधवारी सकाळी बाईंचा फोन आला.

"पॅटर्न स्वच्छ आहेत," बाई म्हणाल्या. "आता मधल्या साइझचा एक कोट शिवून दुपारच्या आत घेऊन या. अंगावर बघितल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही."

"आणते," सून म्हणाली, आणि फोन ठेवून गॅलरीत गेली.

मशीन वर्तमानपत्रावर होतं. म्हणजे ते मशीन होतं, असं सांगावं लागलं असतं. दांडे एकीकडे, चाकं एकीकडे, स्क्रू आकारानुसार लावून ठेवलेले. सगळं तेल लावून लखलखीत केलेलं. तिघं चहा पीत त्याकडे कौतुकानं बघत होते.

"खटखट काही सापडली नाही," सासरे म्हणाले. "पण आतून काय सुंदर आहे गं."

सून तिथंच जमिनीवर बसली. तिनं बाईंचा निरोप सांगितला. मग इतके दिवस पोटात ठेवलेलं ओठावर आलं. "आई, मला हे काम हवंय. मला जन्मभर लोकांच्या पायाशी बसून टाचण्या लावायच्या नाहीत. आणि मशीन मीच उघडायला दिलं. आवाजबिवाज काही नव्हता. तुम्ही कॉम्प्युटरपासून उठावं म्हणून दिलं."

कुणी रागावलं नाही. सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता, पण तो क्षणभरच. मग एक्स्चेंजमध्ये सगळ्या लाइनी एकदम बंद पडल्यावर होत असेल तसा त्यांचा चेहरा झाला, आणि पाठ ताठ झाली.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "कापड काप. तुझं कापून होईपर्यंत मशीन उभं असेल."

"आई, तीन तास आहेत."

"एक्स्चेंज अख्खं उभं केलंय मी यापेक्षा कमी वेळात. अहो, भिंग लावा. आणि तू, तो मोठा दांडा आधी. सांगितल्याशिवाय काही आवळायचं नाही."

सुनेनं जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं. ती कापत होती आणि गॅलरीतून आवाज येत होते. "डावीकडचं चाक." "हे?" "त्याच्या शेजारचं." "बसलं." "आवळ. पुरे." एकदाही वाद झाला नाही. पहिलं नाव कुणाचं हे कुणी विचारलं नाही. नवरा एकदाही घाबरू नको म्हणाला नाही, आणि तिला त्याचंच सगळ्यात जास्त बरं वाटलं. शेवटची बाही कापून ती वळली, तर मशीन दारात उभं होतं.

तिनं दोरा ओवला, पाय ठेवला. मशीन चाललं. पूर्वी थोडी कुरकुर करायचं, तीही गेली होती. अगदी मांजरासारखं घुरघुरत होतं.

सासऱ्यांच्या तळहातावर एक स्क्रू होता. चौघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"हा कुठला?" सुनेनं विचारलं.

"नेहमीचाच," सासरे म्हणाले, आणि डबा आणायला गेले.

कोट वेळेत झाला. बटणं तिनं रिक्षात बसून टाचली. कारखान्यात मालकीणबाईंनी एका मुलीला तो घालायला लावला, तिला हात वर करायला सांगितलं, वाकायला सांगितलं, खिशात हात घालायला सांगितलं. बाही कुठं ओढली नाही, पाठ कुठं फुगली नाही. बाईंनी मुंढ्यावरून बोट फिरवलं.

"जुन्या माणसाला मी सांगते," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून तुम्ही."

सुनेनं मान हलवली. बाई टेबलाशी गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "अहो, इकडे या जरा. आमच्या कॉम्प्युटरवर ही पाटी काय येतेय बघा. सिस्टिम जुनी झाली, नवी पेलणार नाही म्हणे. तुमच्या घरी कुणाला यातला रस आहे का?"

सुनेनं पाटी पाहिली. अक्षर न् अक्षर ओळखीचं होतं.

"नाही हो," ती म्हणाली, पापणी न हलवता. "आमच्याकडे कुणालाच नाही." आणि हात पुढे करून तिनं 'नंतर आठवण करून द्या'चं बटण दाबलं.

निघताना तिला कारखान्याच्या मागच्या भिंतीशी बंद पडलेल्या शिलाई मशिनांची रांग दिसली. धूळ खात पडली होती. कुणी दुरुस्त करायलाच तयार नाही, असं बाई म्हणाल्या. सून दारात थबकली.

घरी आली तेव्हा तिघं कॉम्प्युटरपुढे ओळीनं बसले होते. झाकण बसवून झालं होतं. पडदा निळा, स्वच्छ होता, जे दाबावं ते चालत होतं, आणि खोलीत सुतकी कळा होती.

"काम मिळालं," सून म्हणाली.

सासूबाईंनी उठून तिला जवळ घेतलं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं भिंगाला धूळ आहे असं सांगून पुसलं. भिंग वडिलांच्या गळ्यात होतं. मग तिघं पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले.

"हे मात्र मला बरं दिसत नाही," सासरे म्हणाले. "झाकणाचे सगळे स्क्रू बसले. एकही उरला नाही. काहीतरी चुकलंय यात."

"उघडून बघू का?" नवऱ्यानं विचारलं, आणि त्याचा हात झाकणाकडे गेला.

"थांब," सून म्हणाली. "कारखान्यात मागं शिलाई मशिनं पडलीत. ओळीनं, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी बंद. बाई म्हणतात, कुणी उघडून बघणारं असेल तर पाठवा."

नवऱ्याचा हात हवेतच राहिला. सासूबाई आत गेल्या आणि पर्स घेऊन, चपला घालूनच बाहेर आल्या. सासरे स्वयंपाकघरात फळीपाशी बराच वेळ उभे राहिले. बिस्किटांचा डबा त्यांनी हातात घेतला, हलवून पाहिला, परत ठेवला, आणि शेजारचा पिठाचा मोठा डबा रिकामा करायला घेतला.